अपघाताची तारीख

मालबाबूंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते छत्तीसगढात, गुढियारीतल्या एका लग्नात, पंगतीला. वंदना आटोपली होती, पत्रावळ्या मांडल्या होत्या, भात आला, वरण आलं, आणि माझ्या शेजारी बसलेला हा सत्तरीचा माणूस जेवायचं सोडून वाढणाऱ्याकडे टक लावून बघत होता. वाढणारा नवरीचा मामा होता, चांगला धिप्पाड गडी. म्हाताऱ्याचा हात अधूनमधून डाव्या खिशात जायचा, काहीतरी काढायचा आणि उजव्या खिशात टाकायचा.

"काय करून राहिले काका?" मी विचारलं.

"बोलू नको. एकशे साठ झाले."

खिशात चिंचोके होते. मामा वीस वेळा वाकला की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे जाई. वरणाच्या बादलीचं वाकणं ते मोजत, मिठाचं मोजत नसत. दुसरी पंगत बसायच्या आत ते नवरीच्या बापासमोर जाऊन उभे राहिले.

"दुसरी पंगत टेबलावर बसवा. तुमचा साळा उद्या खाटेवरून उठनार नाही."

"आता टेबल कुठून आनू बाबूजी? मांडववाला गेला."

"मंग त्याले जेवाले बसवा. मी वाढतो."

आणि खरंच वाढलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बादली ठेवून, खुर्ची ढकलत ते पंगतभर फिरले आणि एकदाही वाकले नाहीत. जेवणाऱ्यानंच पत्रावळ उचलून वर धरायची. नवरीकडचे लोक पुढे कित्येक वर्षं सांगत की त्या माणसानं आमच्या पाहुण्यांना भीक मागायला लावली. मामा मात्र दर चौदा एप्रिलला, जयंतीला, त्यांना भेटायला यायचा.

ते रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. वॅगनमधून काय उतरलं, किती वजनाचं, किती पोती फाटली, हे रजिस्टरात लिहायचं काम. नोकरी संपली तरी नाव तेच राहिलं. त्यांनी स्वतः कधी पोतं उचललं नव्हतं. पाठ या वयातही पट्टीसारखी सरळ होती, आणि हीच गोष्ट त्यांना खुपायची. रिटायर झाल्यावर ते एका छोट्या, पण रीतसर नोंदणी झालेल्या युनियनचे खजिनदार झाले. युनियनकडे खजिना असा नव्हताच. पण पदाधिकाऱ्याला भरपाईच्या केसमध्ये कामगाराच्या बाजूनं उभं राहता येतं, तेवढ्यासाठी ते पद त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.

"ह्या घरात जमिनीवर फक्त जमीन हाय," काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या. ते खोटं नव्हतं. पाण्याचा माठ कमरेच्या उंचीवर, धुण्याचा दगड विटांच्या ओट्यावर, चपला भिंतीच्या फळीवर. झाडूला त्यांनी बांबू बांधला होता. "लग्न झालं तवा सासू म्हने, सून वाकते चांगली. आता हे म्हनते वाकूच नको. मी कोनाचं ऐकू? एक दिवस हा मानूस चपलांच्या फळीवर माहं पोळपाट ठेवन, पाहजो तू."

दुखरी पाठ घेऊन त्यांच्याकडे माणसं यायची. गुढियारीतले धान्याचे हमाल, सिमेंटच्या ट्रकवरचे रेजा-कुली म्हणजे मजूर बाया-गडी, अभनपूरच्या मंडीत धान भरणाऱ्या बाया. कुणी "पाठ दुखते" म्हणालं की मालबाबू हात वर करायचे.

"दुखते ते मले दिसून राहिलं. काम कसं करतो ते दाखव."

मग त्या माणसानं खोलीच्या मधोमध उभं राहून, रिकाम्या हातांनी, आपलं काम करून दाखवायचं. कुठून उचलतो, कुठे वळतो, कुठे ठेवतो. रिकाम्याच हातांनी का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, हातात वजन दिलं की माणूस ताकद दाखवायला लागतो. रिकाम्या हातानं तो रोजच्यासारखा वाकतो.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रक यायचं, आणि वाचायलाही मी त्याच्यावरच शिकले. कॉलेज संपवून युनियनसाठी पहिलं पत्रक लिहिलं, त्यात भांडवलशाहीच्या जबड्याचा उल्लेख तीनदा होता. मालबाबूंनी ते खिडकीशी धरून वाचलं.

"जबडा दिसला. बोरा कुठं हाय?"

"कोणता बोरा?"

"जो मानूस उचलते तो. किती वजनाचा, कुठून कुठं, दिवसातून किती वेळा. हे काहीच नाही याच्यात. हे वाचून मालक हसन. त्याले कोनी जबडा म्हनलं तर बरंच वाटते."

मी दोन दिवस त्यांच्या घरी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. त्यांचं बरोबर होतं हे मी आजही मानते, आणि जबडा आहे हेही आजही मानते. पण तेव्हापासून मी कोणतंही पत्रक वजन लिहिल्याशिवाय छापायला दिलेलं नाही.

वजनाचं हे वेड त्यांना कुठून लागलं ते त्यांनी एकदाच सांगितलं. मालधक्क्यावरचा एक जुना हमाल कमरेतून वाकडा होऊन गावी निघाला होता. जाताना त्यानं एकच मागितलं. बाबू, मी इथं काम करताना मोडलो असं एका कागदावर लिहून द्या. मालबाबूंनी रजिस्टर उघडलं. वॅगनचा नंबर होता, पोत्यांचं वजन होतं, फाटक्या पोत्यांचा वेगळा रकाना होता. उचलणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. "फाटलेल्या बोऱ्याची नोंद मी रोज केली," ते म्हणाले, "आन् त्याले मी चहा पाजून गाडीत बसवून देल्लं." एवढं बोलून ते बांबूचा झाडू घेऊन अंगण झाडायला लागले.

छत्तीसगढ नवं राज्य झालं, आमचं शहर राजधानी झालं. तेलीबांध्याच्या पुढे रस्ते रुंद झाले आणि त्या रस्त्यांच्या बाजूनं पत्र्याची प्रचंड गोदामं उभी राहिली. घरबसल्या मागवलेला माल तिथून निघतो. आत पंखे आहेत, उजेड आहे, पोती नाहीत. म्हणून लोकांना वाटतं की तिथे हमालीच नाही. अशाच एका गोदामातून, ठेकेदारानं हाजिरीतून नाव काढल्यावर, दुलारी मालबाबूंकडे आली.

दुलारी अभनपूरकडच्या गावातली. वय तिशीच्या आत. फळ्यांच्या रांगांमधून ढकलगाडी घेऊन फिरायचं, हातातल्या मशीनवर नंबर येईल ती वस्तू काढायची, मशीनला दाखवायची, गाडीत टाकायची, पुढे जायचं. मालबाबूंनी तिला दाखवायला सांगितलं. तिनं खोलीभर चालून दाखवलं. वाकली, वळली, उठली. चौथ्या वेळेला उठताना भिंत धरली आणि तशीच उभी राहिली.

"बस," मालबाबू म्हणाले. "समजलं."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मणके झिजून नस दबल्याचं लिहून दिलं होतं. ठेकेदारानं मात्र कागदावर लिहिलं होतं, घरगुती दुखणं. दुलारीला तो शब्द झोंबला होता. कारण गावातही तेच चाललं होतं. पाण्याची बादली सासू उचलते, सून उभी राहून बघते. शेजारणी तिला ऐकू जाईल अशा आवाजात 'अलाल' म्हणायच्या. अलाल म्हणजे आळशी. पाठ कामानं गेली, हे तिला कुणीतरी मोठ्या माणसानं सही करून लिहून द्यायला हवं होतं, आणि त्यासाठी भरपाईचा दावा हाच रस्ता होता.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो, अपघाताची तारीख. मालबाबूंनी मला बजावलं होतं, "तो रिकामा ठेवजो. आपन सोबत वेगळा कागद लावू."

आमच्याकडे जुनी रीत वेगळी होती. कचेरीबाहेर झाडाखाली बसून अर्ज लिहिणारे सगळ्यांना एकच विचारायचे, "कौन दिन गिरे?" पाठ गेली असेल तर पाय घसरलाच पाहिजे. पडल्याशिवाय अर्ज नाही. कित्येक हमाल असे कागदावर पडलेले आहेत.

अर्ज द्यायच्या दिवशी मालबाबू तापानं आडवे होते, मी आणि दुलारी गेलो. खिडकीवरच्या कारकुनानं कागद परत ढकलला. "तारीख डालिए मॅडम, नहीं तो ले जाइए."

मी दुलारीला विचारलं, सगळ्यात जास्त कधी झालं?

"हरेली के दिन उठेच नइ सकेंव, दीदी."

हरेलीला ती उठूच शकली नव्हती. मी हरेलीची तारीख टाकली. वर, गोदामात पेटी उचलताना पाय घसरून पडल्या, असं एक वाक्य लिहिलं. कारकुनानं शिक्का मारला. बाहेर येताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

छत्तीसगढात राहून ही चूक करायला माझ्यासारखीच मुलगी पाहिजे. हरेलीला घरोघरी नांगर-कुदळी धुऊन पुजतात, दाराला कडुलिंबाची फांदी लावतात. दुलारी अंगणात नांगर पुजायला खाली बसली होती आणि तिथून तिला उठता आलं नव्हतं. गोदामात ती त्या दिवशी नव्हतीच. ते तिनं मला सांगितलं नव्हतं असं नाही. मी ऐकायला थांबले नव्हते.

पहिल्या सुनावणीला, भरपाईच्या अधिकाऱ्यांसमोर, गोदामाच्या कंपनीच्या वकिलानं हाजिरीचा कागद पुढे ठेवला. "सर, हरेली के दिन ये महिला काम पर आई ही नहीं. गिरी कहाँ?"

हाजिरी बनावट आहे, असं ओरडायला मी उठलेही होते. मालबाबूंनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"साहब, वकील साहब सच कह रहे हैं. उस दिन ये नहीं गिरी."

वकील हसला. अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. "तो किस दिन गिरी?"

"किसी दिन नहीं गिरी."

"फिर दुर्घटना हुई कब?"

"रोज हुई, साहब. थोड़ी थोड़ी."

दुलारी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. आपल्याच माणसानं आपली केस बुडवली असं तिला वाटलं असणार. मलाही वाटलं. पण मालबाबूंनी अर्जातली चूक दुरुस्त करायची परवानगी मागितली. अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि सांगितलं की रोज झाली असेल तर रोजचं दाखवावं लागेल.

बाहेर टपरीवर मी माफी मागितली. ते चहा फुंकत राहिले.

"मी रागावलो नाही. पन तू पडली काहून लिवलं?"

"कारकून घेत नव्हता."

"ते नाही. तुले वाटलं, नुसतं काम करून मानूस मोडते हे कोनी मानन नाही. तुह्या पत्रकात तू तेच लिवते रोज. आन् अर्जात तुलेच भरोसा नाही."



रोजचं दाखवायचं म्हणून त्यांनी चिंचोके काढले. दुलारीची एक मैत्रीण, सुनीता, अजून त्याच गोदामात होती. गेटवर मोबाईल काढून घेतात, पेन काढून घेतात, चिंचोके कोण घेणार? मालबाबूंनी तिच्यासमोर दोन मुठी चिंचोके ठेवले आणि वीस वाकण्यांना एक, हा हिशोब समजावून सांगितला. सुनीतानं सगळं आदरानं ऐकलं आणि हसू दाबत म्हणाली, "बबा, ए बुता ला तो मशीन करथे." हे काम तर मशीनच करतं.

"कोन्ता मशीन?"

हातातलं मशीन. वस्तू दाखवली की ते टिक् करतं. कुणी किती वस्तू काढल्या, कोण मागे पडलं, हे शिफ्ट संपल्यावर भिंतीवरच्या पडद्यावर येतं. मागे पडलेल्याचं नाव लाल दिसतं. आणि प्रत्येक टिकीसोबत फळीचा नंबर असतो. सगळ्यात खालच्या फळीचा नंबर एकनं सुरू होतो.

मालबाबूंनी चिंचोके एकेक करून डब्यात भरले.

"म्हनजे ह्यायनं लिवून ठेवलं हाय," ते म्हणाले. "मी नाही लिवलं, पन ह्यायनं लिवलं. कोन्त्या वेळेले, कोन्त्या फळीवर, कोन वाकलं." ते काकूंकडे वळले. "ऐकून राहिली का व?"

"ऐकून राहिली," काकू आतून म्हणाल्या. "आता तरी मोजनं बंद करा आन् जेवा."

आम्ही अर्ज दिला की मशीनमधली दुलारीची सगळी नोंद, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, कंपनीनं समोर ठेवावी. वकिलानं आधी सांगितलं की अशी नोंद ठेवली जात नाही. सुनीतानं साक्षीत पडद्याचं आणि लाल नावांचं सांगितलं. मग वकील म्हणाला, नोंद आहे पण ती व्यापाराची गुप्त बाब आहे. अधिकाऱ्यांनी एक शेवटची तारीख दिली.

त्या तारखेला, आत जायच्या आधी, वकिलानं आम्हाला व्हरांड्यात गाठलं. बरोबर कंपनीचा एक माणूस होता. दोघंही फार नम्र होते.

"बाबूजी, इतना क्यों खींच रहे हैं? महिला फिसलकर गिरी, कंपनी मान लेती है. तारीख आप ही चुन लीजिए. कोई भी दिन, जिस दिन ये हाजिर थी. रकम आज ही लिख देते हैं. बस वो मशीनवाली अर्जी वापस ले लीजिए."

वकिलानं पुढे केलेला तडजोडीचा कागद मालबाबूंनी वाचला आणि दुलारीच्या हातात दिला. "पाठ तिची हाय," ते मला म्हणाले. "आपन मधे बोलाचं नाही." आणि तिला मोकळेपणी ठरवता यावं म्हणून ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

मी मध्ये बोलले. लाल अक्षरांची पत्रकं लिहिणारी मी, दुलारीला म्हणाले, घे. तिचं वर्ष कसं गेलं ते मी पाहिलं होतं. अंगठ्यानं भिंत दाबत ती उभी राहायची तेही पाहिलं होतं. निकाल काय लागेल याची खात्री कुणालाच नव्हती.

"ए मं का लिखाय हे, दीदी?"

मी वाचून दाखवलं. अमुक दिवशी, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, पाय घसरून पडल्यामुळे. 'निष्काळजीपणामुळे' हा शब्द मी हळू वाचला. तिनं तो ऐकला.

"मैं नइ गिरे रहेंव," ती म्हणाली. "मैं तो बुता करत रहेंव."

मी पडले नव्हते, मी काम करत होते. आवाज चढला नव्हता. तिनं कागदाची नीट घडी घातली आणि वकिलाच्या हातात परत दिली. वकील मला म्हणाला, "मॅडम, आप समझाइए." मी म्हटलं, मला आत्ताच समजलं आहे.

कंपनीला नोंद द्यावी लागली. मोठा गठ्ठा आला. मी, मालबाबू आणि सुनीता, काकूंच्या उंच टेबलावर तो पसरून बसलो आणि एकनं सुरू होणाऱ्या प्रत्येक नंबराखाली रेघ मारली. पानंच्या पानं रेघांनी भरली. हजार वाकण्यांच्या खालचा दिवस शोधायला लागत होता. डॉक्टर साक्षीला आले. त्यांच्यासमोर ती पानं ठेवली तेव्हा ते म्हणाले की अशा कामानं मणका असाच झिजतो, यासाठी वेगळं पडावं लागत नाही.

दावा मंजूर झाला. कंपनी अपिलात गेली आहे, ते चालू आहे, आणि आम्ही तिथेही आहोत. पण निकालाच्या दिवशी अपिलाचं कुणाच्या मनात नव्हतं. व्हरांड्यात मी निकाल मोठ्यानं वाचला. काम करत असताना आणि कामामुळे झालेली इजा, असं त्यात सरळ लिहिलं होतं. दुलारीनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग अजून एकदा. अपघाताच्या तारखेपुढे अधिकाऱ्यांनी दोन तारखा लिहिल्या होत्या, ती कामाला लागली तो दिवस आणि तिचं नाव काढलं तो दिवस, मध्ये 'से' आणि 'तक'.

मालबाबूंनी कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि कपाळाला आठी घातली.

"पहिला दिवस ट्रेनिंगचा होता. त्या दिवशी मशीनमधी एकबी नोंद नाही. म्या पाहिलं हाय. हा दिवस जास्तीचा लागला."

आणि ते अधिकाऱ्यांच्या दाराकडे चालायला लागले.

"काका," मी मागे धावले, "जिंकलो आपण. एका दिवसानं काय होते?"

"मागं एकाच दिवसानं बुडून राहिलो होतो. त्यायच्या वकिलाले हे दिसलं का, सगळं खोटं म्हनन." दारावरचा चपराशी वैतागला. "जीत गए बाबा, अब क्या चाहिए?" मालबाबूंनी तोवर कडीला हात घातला होता.

"बबा," दुलारी मागून म्हणाली. ती हळूहळू चालत आमच्यापर्यंत आली. "ओ दिन घलो उठवाय रिहिन."

त्या दिवशीही उचलायला लावलं होतं. सकाळी बाकावर बसवून दोन तास शिकवलं. मग ट्रक आला आणि शिकायला आलेल्या सगळ्या बायांना संध्याकाळपर्यंत पेट्या उतरवायला लावल्या. मशीन दुसऱ्या दिवशी हातात दिलं.

"किती पेट्या?" मालबाबूंनी विचारलं.

"कोन गिनही, बबा? मशीन नइ रिहिस." मोजणार कोण, मशीनच नव्हतं.

मालबाबूंनी कडीवरचा हात काढला.

"मंग तारीख बरोबर हाय," ते म्हणाले, आणि आम्ही जिना उतरायला लागलो, दुलारीच्या चालीनं, एकेक पायरी.